मुलकी कोण, गैरमुलकी कोण?

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न महाराष्ट्रातल्या मुस्लिम घराला नवीन नाही. रेल्वेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, पुण्यात भाड्याची खोली बघताना, कुठेही तो भेटतो. आम्ही "परभणीकडचे" म्हणून सांगतो. समोरचा क्षणभर थांबतो आणि पुन्हा विचारतो, "ते झालं हो, पण मूळचे?" त्यानंतर बहुतेक वेळा कौतुकही पदरात पडते, "मराठी मात्र छान बोलता तुम्ही!" विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. पण आपल्याच आईच्या हातची भाकरी आपण छान खातो, असे कुणी म्हणावे, तसे काहीसे वाटून जाते.

'मूळचे' या शब्दाला आमच्या घरात एक जुना पर्याय आहे, 'मुलकी'. आमची दादी तो सर्रास वापरायची. कुणी नवे बिऱ्हाड मोहल्ल्यात आले की तिचा पहिला प्रश्न, "मुलकी है क्या?" मुले मराठी शाळेत जाऊ लागली तेव्हा त्यांना 'मुलकी' हा शब्द पुस्तकात वेगळ्याच अर्थाने भेटला आणि घरात चर्चा सुरू झाली. त्या निमित्ताने आम्ही या शब्दाच्या मागे लागलो. जे हाती आले ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहोत.

शब्द अरबी आहे. 'मुल्क' म्हणजे राज्य, सत्ता, अधिकारातली भूमी. कुरआनातील ६७ व्या सूरहचे नावच 'अल-मुल्क'. आपल्यापैकी अनेक घरांत ती रात्री झोपण्यापूर्वी पढली जाते. साऱ्या मुल्काची मालकी अल्लाहच्या हाती आहे, या घोषणेनेच ती सुरू होते. मालक, मालकी, मलिक हे शब्दही त्याच मुळाचे. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मुलूख, मुलूखगिरी, मुलखावेगळा, शिवाय 'मुलखाचा आळशी' आणि 'मुलखाचा भित्रा'. मुलखाचा आळशी म्हणजे अख्ख्या मुलखात ज्याची बरोबरी नाही असा! सरकारदरबारी 'मुलकी' म्हणजे लष्करी नव्हे ते, मुलकी प्रशासन, मुलकी अधिकारी. पूर्वी गावात पोलीस पाटील वेगळा आणि महसुलाचे काम पाहणारा मुलकी पाटील वेगळा असे.

पण दादीचा 'मुलकी' यांपैकी कुठलाच नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानातला होता. तिथे 'मुल्की' म्हणजे संस्थानचा स्वतःचा माणूस आणि 'गैरमुल्की' म्हणजे बाहेरून आलेला.

मराठवाड्याचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाचही जिल्हे या संस्थानात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवाण सालारजंग यांनी कारभाराची नवी घडी बसवली आणि त्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेसवरलेले अधिकारी बोलावले. इटावाचे सय्यद मेहदी अली हे त्यांतले एक नामवंत. त्यांना पदवी मिळाली 'मोहसिनुल मुल्क', म्हणजे मुलखावर उपकार करणारा. गंमत अशी की ज्यांच्या पदवीत 'मुल्क' होता ते स्वतः गैरमुल्की होते! हळूहळू इथल्या लोकांत कुरबूर सुरू झाली. चांगल्या जागा बाहेरच्यांना आणि आमच्या मुलांनी काय करायचे? अखेर १९१९ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने मुल्की कोण याचे नियम ठरले. सरकारी नोकरीसाठी मुल्की असणे आवश्यक झाले.

या नियमांत दोन गोष्टी लक्ष देण्यासारख्या आहेत. पहिली ही की मुल्की आणि गैरमुल्की यांमधली रेघ धर्मावरून ओढलेली नव्हती. परभणीचा ब्राह्मण, नांदेडचा शीख, बीडचा मराठा, औरंगाबादचा मोमीन हे सारे मुल्की. लखनौचा सय्यद मात्र गैरमुल्की, त्याचे उर्दू कितीही नजाकतीचे असो. आज ज्यांना आमचे नाव ऐकून 'मूळचे कुठले' असा प्रश्न पडतो, त्यांच्या पणजोबांचा आणि आमच्या पणजोबांचा दाखला एकाच रकान्यातला होता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मुल्की जन्मानेच होता येत असे, असे नाही. जो माणूस संस्थानात किमान १५ वर्षे कायम राहिला आहे, ज्याने आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडला आहे आणि ज्याने तसे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करून दिले आहे, तोही मुल्की. मुल्की पुरुषाशी लग्न करून आलेली स्त्रीही मुल्की.

आमच्या दादीचे वडील असेच मुल्की झालेले. ते बऱ्हाणपूरचे. तरुणपणी एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला म्हणून आले आणि इथलेच झाले. १५ वर्षे पुरी झाल्यावर त्यांनी प्रतिज्ञापत्र केले आणि सरकारी शाळेत मुदर्रिसाची जागा मिळवली. तो उर्दू कागद दादीच्या पेटीत तिच्या निकाहनाम्याबरोबर घडी घालून ठेवलेला असे. आमच्या मुलांना उर्दू वाचता येत नाही, म्हणून आब्बांनी एकदा तो मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगितला. परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे, या ओळीपाशी आले तेव्हा दादी म्हणाली, "बाबा बऱ्हाणपूरची आठवण काढून रडायचे. पण गेले मात्र नाहीत." मन तिकडे ओढ घेत होते, तरी कबूल केलेले त्यांनी पाळले.

या राज्याचे चित्र आम्ही गोडगुलाबी करून सांगत नाही. मराठी शेतकरी कागदावर मुल्की असला तरी कचेरीची भाषा उर्दू होती आणि त्याच्या मुलाला मातृभाषेतल्या शाळा पुरेशा नव्हत्या. शेवटच्या काळात रझाकारांनी केलेला जुलूमही खरा आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमान घरांवर कोसळलेले संकटही खरे. सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे. त्या दिवसांत कित्येक कुटुंबे हैदराबादला गेली, काही सरहद्दीपलीकडे गेली. आमचे दादा गेले नाहीत. त्यांना कुठल्या मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र करायचे नव्हते. शेत पेरलेले होते आणि शेजारच्या देशमुखांनी, "मामू, कुठं निघालात? बसा घरी," म्हणून दारात येऊन सांगितले होते. त्या दोन गोष्टी त्यांना पुरेशा झाल्या.

ज्या शब्दाने सर्वांना एका रकान्यात बसवले, तोच शब्द पुढे दगडासारखा फेकलाही गेला. १९४८ नंतर हैदराबादेत बाहेरच्या प्रांतांतून नोकरदार येऊ लागले. त्यांतल्या कित्येकांनी खोटे मुल्की दाखले मिळवल्याची तक्रार होती. १९५२ मध्ये 'गैरमुल्की परत जा' अशा घोषणा देत विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, तरुण मुले मेली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्यापुरता हा वाद मिटला. तेलंगणात मात्र तो पेटताच राहिला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरवले, त्याविरुद्ध किनारी आंध्रात मोठे आंदोलन उभे राहिले आणि १९७३ मध्ये संसदेने ते नियम रद्द केले. आपल्या संविधानाच्या १६ व्या कलमाने जन्मस्थान किंवा निवास यांवरून सरकारी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे. निवासाची अट घालायची तर तो कायदा फक्त संसद करू शकते. तरीही '१५ वर्षे' हा आकडा काही सरला नाही. सरकारी नोकरीसाठी महाराष्ट्राचा अधिवास सिद्ध करताना आजही साधारणपणे १५ वर्षांचे वास्तव्यच विचारले जाते. आमच्या मुलीच्या अधिवास प्रमाणपत्राचा अर्ज भरताना आब्बा हसून म्हणाले होते, "फर्मान गेलं, पंधरा वर्षं राहिली."

दख्खनमध्ये हा झगडा निजामाच्याही फार आधीचा आहे. बहमनी दरबारात दख्खनी आणि आफाकी असे दोन गट होते. आफाकी म्हणजे इराण-तुराणकडून समुद्रापलीकडून आलेले. वजीर महमूद गावान हा आफाकी. त्याने बिदरला उभारलेला मदरसा आजही पाहता येतो. दख्खनी-आफाकी वैरातून रचलेल्या कारस्थानात १४८१ मध्ये त्याला प्राण गमवावे लागले. दोन्ही बाजूंचे लोक एकाच सफीत नमाज पढणारे होते, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी याच मातीत मलिक अंबर होऊन गेला. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. मराठा सरदारांना बरोबर घेऊन त्याने मोगलांना वर्षानुवर्षे थोपवून धरले. जमीन महसुलाची नीट व्यवस्था लावली, खडकी हे शहर वसवले आणि त्याला नहरीने पाणी आणले. तेच पुढे औरंगाबाद झाले. १६२६ मध्ये तो वारला आणि खुलताबादेत दफन झाला. आता कुणी विचारावे, मलिक अंबर मूळचा कुठला? जन्म पाहिला तर आफ्रिकेचा. पण ज्या गावाला त्याने पाणी पाजले त्या गावाला हा प्रश्न कधी पडला असेल असे वाटत नाही.

स्वयंपाकघरात तर या प्रश्नाची आणखीच गंमत होते. आमच्याकडे अस्सल इथल्या वस्तूला 'गावरान' म्हणतात. गावरान अंडी, गावरान तूर, गावरान मिरची. बाजारात 'गावरान' म्हटले की दोन पैसे जास्त देतो आपण. पण मिरची मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली. बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ, ज्याच्यासाठी बीडचे नाव होते, तेही तिकडचेच. तरी मिरचीशिवायचा ठेचा आणि सीताफळाशिवायचा बालाघाट कुणी मनात आणून पाहावा! आणि जिला आपण 'विलायती चिंच' म्हणतो ती इतकी वर्षे आपल्या बांधावर उभी असून नावाने अजून परकीच. झाडांच्या बाबतीत आम्ही हसतो आणि पुढे जातो. माणसांच्या बाबतीत हसून भागत नाही.

आमच्या गावातलीच गोष्ट सांगतो. मशिदीच्या जागेत रस्त्याच्या बाजूने काही गाळे आहेत. त्यांच्या भाड्यातून इमाम साहेबांचा पगार आणि वीजबिल निघते. दोन वर्षांपूर्वी एका गाळ्याचा करार संपला. त्यात उत्तर प्रदेशातून आलेला एक सुतार फर्निचरचे काम करत असे. जमातीच्या बैठकीत काही तरुणांनी मुद्दा काढला, "गाळे आपल्याच मुलांना द्या. बाहेरच्यांना कशाला?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गावात शिकलेली पोरे रिकामी बसली आहेत, हे आम्ही रोज पाहतो. पण बोलता बोलता एकाच्या तोंडून निघाले, "भय्या लोकांना त्यांच्या मुलखात पाठवा." बैठकीत शांतता पसरली. कारण हेच वाक्य, फक्त मुलखाचे नाव बदलून, आमच्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे ऐकलेले होते.

तेव्हा आब्बांनी जुना नियम सांगितला. "हा माणूस १७ वर्षं इथं आहे. त्याची मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत आहेत. आई इथल्या कब्रस्तानात आहे. निजामाच्या हिशेबाने दोन वर्षांपूर्वीच तो मुलकी झाला." लोक हसले आणि ताण सैल झाला. त्या रात्री निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीत झाला. सुताराचा करार वाढवला, भाडे बाजारभावाने केले आणि त्याने गावातली दोन मुले कामाला ठेवून हुन्नर शिकवावा असे ठरले. आज त्यांतला एक मुलगा स्वतंत्र कामे घेतो. दुसरा सोडून गेला. सगळेच साधले असे नाही, पण दाराला कुलूप घालून जे मिळाले असते त्यापेक्षा नक्कीच जास्त मिळाले.

या निमित्ताने आम्ही घरात मदीनेची गोष्ट पुन्हा काढली. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) मक्का सोडून मदीनेस आले. मक्का त्यांना किती प्रिय होती, हे त्यांच्या निघतानाच्या उद्गारांतून आपल्याला माहीत आहे. म्हणून जन्मभूमीची ओढ वाईट मानण्याचे कारण नाही. ('वतनप्रेम हा ईमानाचा भाग' हे वाक्य हदीस म्हणून सांगितले जाते, मुहद्दिस मात्र ते प्रमाण हदीस मानत नाहीत. ओढ खरी असायला त्या वाक्याची गरजही नाही.) मदीनेत बाहेरून आलेल्यांना नाव पडले मुहाजिर. आणि जे तिथलेच होते, औस आणि खजरज कबिल्यांचे, ज्यांच्या बागा आणि विहिरी होत्या, त्यांना काय नाव मिळाले? 'मदनी' नाही, 'मुलकी' नाही. त्यांना नाव मिळाले अन्सार, मदत करणारे. जागेवरच्या हक्काऐवजी त्यांनी केलेल्या मदतीवरून ते इतिहासात ओळखले जातात.

प्रेषितांनी (स.) एकेका मुहाजिराची एकेका अन्सारशी बंधुत्वाची जोडी लावून दिली. हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपल्या भावाला, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना, अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली, मालमत्ता घेतली नाही आणि बाजाराचा रस्ता विचारला. आम्हाला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी शिकवणारी वाटते. यजमानाने हात आखडू नये आणि आलेल्याने ओझे होऊन राहू नये.

तरीही तिथे हा प्रश्न उठलाच. एका मोहिमेवर पाण्यावरून भांडण झाले. एकाने अन्सारांना हाक घातली, दुसऱ्याने मुहाजिरांना. प्रेषितांनी (स.) ती हाक अज्ञानकाळातली ठरवली आणि असली दुर्गंधी टाकून द्या असे बजावले. त्याच वेळी मुनाफिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह बिन उबई याने, मदीनेस परतल्यावर मानाचे लोक हलक्यांना हाकलून देतील, अशी भाषा केली. कुरआनातील सूरह अल-मुनाफिकूनमध्ये तिची नोंद आहे. 'आम्ही इथले, तुम्ही निघा' ही भाषा कुणाच्या तोंडी आली होती, हे गावोगावच्या जमातींनी लक्षात ठेवायला हवे.

आणि सर्वांत हृद्य प्रसंग मक्का-विजयानंतरचा. आता जन्मगाव हाती आले, तेव्हा प्रेषित (स.) तिथेच राहतील, अशी धास्ती अन्सारांना वाटली. त्यांनी अन्सारांना धीर दिला की माझे जगणे आणि मरणे तुमच्याबरोबर आहे. ते मदीनेस परतले आणि तिथेच चिरविश्रांती घेत आहेत. कुणी त्यांना मक्केचे म्हणाले तर ते खरेच आहे. पण ज्यांनी साथ दिली त्यांच्याकडे परतणे त्यांनी निवडले.

आमच्याच बीड-परभणीकडची हजारो कुटुंबे दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत मराठे आहेत, वंजारी आहेत, दलित आहेत आणि मुस्लिमही आहेत. तिथे कोप्यांत राहणारे हे सगळे परमुलखाचे. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने आमचाच शेजारी गैरमुलकी असतो. आमची मुले पुण्या-मुंबईत, काही आखातात आहेत. हा शब्द कुणावर उगारण्याआधी आपण तो किती ठिकाणी झेलतो, याचा हिशेब मांडून पाहावा.

अर्थात 'आदिवासी' हा शब्द या चर्चेत आम्ही मुद्दाम आणलेला नाही. भिल्ल, गोंड, कोरकू, वारली यांचे जंगल-जमिनीशी असलेले नाते आणि त्यांच्यावर झालेला अन्याय हा स्वतंत्र विषय आहे. 'आम्ही सगळेच मूळचे' असे म्हणून त्यांचा हक्क पातळ करणे बरोबर नाही.

मग आपल्या मुलांनी 'मूळचे कुठले'ला उत्तर काय द्यावे? आमच्या घरात तीन गोष्टी ठरल्या आहेत. एक, चिडायचे नाही आणि लाजायचेही नाही. गाव, तालुका, जिल्हा सरळ सांगायचा आणि विचारणाऱ्यालाही त्याचे गाव आपुलकीने विचारायचे. कुरआनाने कबिले आणि जमाती यांचे कारण परस्परओळख असेच सांगितले आहे. दोन, कागद जपायचे. सातबारा, जन्मनोंदी, शाळा सोडल्याचे दाखले, दादीच्या पेटीतला तो उर्दू कागदसुद्धा. त्याची प्रत काढून मराठीत अर्थ लिहून ठेवला आहे, म्हणजे पुढच्यांना तो वाचता येईल. तीन, हा प्रश्न नव्याने आलेल्या माणसाला आपण विचारायचा तो त्याला पाणी दिल्यानंतर.

मोठ्या मुलीने मध्येच विचारले, "मग आपण मुलकी की गैरमुलकी?" आब्बा म्हणाले, "मुल्क अल्लाहचा. आपण इथले, कारण आपल्याला इथून जायचं नाही आणि इथल्यांच्या उपयोगी पडायचं आहे." अल्लाह आपणा सर्वांना ज्या गावात ठेवील त्या गावाचे अन्सार बनण्याची तौफिक देवो. आमीन.